आंबूस, उग्र, कुबट: खेळाच्या किटचा वास का येतो आणि कसा जातो

मैदानावरून नुकत्याच आलेल्या खेळाडूच्या अंगावरील ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. तोच घाम जर्सीत, बुटात किंवा पॅडच्या अस्तरात काही तास मुरला की वास सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी किटबॅगची चेन उघडताच भपका येतो. मधल्या तासांत त्वचेवरचे आणि कापडातले जंतू घामातील द्रव्यांवर जगतात, वाढतात आणि वास मारणारी संयुगे हवेत सोडतात. त्यांना त्यासाठी तीन गोष्टी लागतात: ओल, अन्न आणि वेळ. वास घालवण्याचा प्रत्येक खरा उपाय या तिन्हींपैकी एखादी गोष्ट तोडतो, नाहीतर वासाची संयुगेच निकामी करतो. अत्तर, डिओ किंवा सुगंधी पावडर यांतले काहीच करत नाही, म्हणून त्यांचा गुण तासाभरात संपतो.

खान्देशात हा प्रश्न रोजचा आहे. जळगावच्या सागर पार्कवर आणि मेहरूण तलावाच्या काठी, धुळ्याच्या गरुड मैदानावर, तालुक्याच्या गावांतील शाळांच्या पटांगणांवर पहाटे आणि संध्याकाळी क्रिकेट, कबड्डी, खो-खो, व्यायाम चालू असतो. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, तर राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर. या दलाचा गट क्रमांक ६ धुळ्यातच आहे. भरतीची तयारी करणारी अनेक मुले एकाच बुटाच्या जोडावर महिनोन्‌महिने सराव करतात. बूट रोज घामाने भिजतो आणि पूर्ण वाळण्याआधी पुन्हा पायात जातो. अशा खेळाडूला महागडी फवारणी परवडत नाही आणि तिची गरजही नाही. घरातला सोडा, वर्तमानपत्र, वारा आणि खान्देशचे ऊन नेमके वापरले तर काम होते.

घाम कसा असतो

माणसाच्या त्वचेत सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. त्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारच्या ग्रंथी सर्वांगावर असतात. तळहात आणि तळपायांवर त्यांची दाटी अधिक. त्यांतून येणारा घाम ९९ टक्के पाणीच असतो. उरलेल्या भागात मीठ, युरिया, लॅक्टिक आम्ल आणि थोडी अमिनो आम्ले असतात. उन्हात जोराचा सराव केला तर तासाला एक ते दोन लिटर घाम जाऊ शकतो. गडद रंगाची जर्सी वाळल्यावर तिच्यावर पांढऱ्या रेघा उमटतात, त्या या घामातील मिठाच्या.

दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी मुख्यतः काखेत आणि जांघेत असतात. मूल वयात येताना त्या कार्यरत होतात. म्हणून चौथी-पाचवीतल्या मुलाची जर्सी घामाने चिंब झाली तरी फारशी वास मारत नाही, आणि तोच मुलगा आठवी-नववीत गेला की काखेपाशी वास येऊ लागतो. या ग्रंथींचा स्राव दाटसर असतो आणि त्यात मेदयुक्त व गंधकयुक्त द्रव्ये असतात. याशिवाय त्वचेवर तेलकट थर असतोच. घाम, तेल आणि झडलेल्या त्वचेचे कण मिळून जंतूंचे जेवण तयार होते.

नाकाला कळणारे चार वास

मराठीत वासांसाठी नेमके शब्द आहेत आणि किटच्या बाबतीत ते रसायनशास्त्राशी चांगले जुळतात. कोणता वास येतो आहे ते आधी ओळखावे; उपाय त्यावरून ठरतो.

पहिला आंबूस वास. हा मोज्यांचा आणि बुटांचा. पायाच्या घामात आणि मृत त्वचेत ल्युसिन नावाचे अमिनो आम्ल असते. त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जंतू त्यापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतो. लिंबर्गर या युरोपीय चीजचा वास पायांच्या वासासारखा असतो, कारण ते चीज मुरवणारे ब्रेव्हिबॅक्टेरियम जातीचे जंतू आणि माणसाच्या पायावर राहणारे काही जंतू जवळचे नातेवाईक आहेत. हा वास आम्लाचा असल्याने त्यावर सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ चालतो. सोडा त्या आम्लाचा क्षार बनवतो. क्षार हवेत उडत नाही, पाण्यात विरघळतो आणि धुऊन जातो.

दुसरा कांद्यासारखा तिखट दर्प. हा जर्सीच्या काखेत असतो. गंधक असलेली थायोअल्कोहोल नावाची संयुगे त्याला कारण आहेत. ती इतकी तीव्र असतात की अत्यल्प मात्राही नाकाला कळते. काखेतील स्टॅफिलोकॉकस होमिनिस हा जंतू ती तयार करतो. त्यासाठी तो जे विकर (एन्झाइम) वापरतो, त्याची रचना इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली उलगडून दाखवली. हा वास नुसत्या सोड्याने पुरता जात नाही. त्याला ऑक्सिडीकरण लागते, म्हणजे ऑक्सिजन सोडणारी धुण्याची पावडर.

तिसरा उग्र, मुतारीसारखा वास. हातमोजे, गुडघ्याचे गार्ड आणि न धुतलेले सपोर्टर यांना तो येतो. घामातील युरियाचे जंतूंकडून विघटन होऊन अमोनिया तयार होतो. अमोनिया अल्कधर्मी असल्याने त्यावर सौम्य आम्ल हवे: पांढरा व्हिनेगर किंवा किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व.

चौथा कुबट वास. हा धुतलेल्या कपड्यालाही येतो आणि पावसाळ्यात घरोघरी ओळखीचा असतो. जपानमधील काओ कंपनीच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले की ओलसर धुण्याचा हा वास प्रामुख्याने मोराक्सेला ऑस्लोएन्सिस या जंतूमुळे येतो. हा जंतू कोरडेपणा आणि अतिनील किरणही बऱ्यापैकी सहन करतो. म्हणूनच कुबट कपडा उन्हात टाकल्यावर वास गेल्यासारखा वाटतो, आणि अंगात घालून घाम आला की पुन्हा उठतो. तो आधी नीट धुवावा लागतो, मगच उन्हाचा उपयोग.

सुती बनियन आणि पॉलिस्टरची जर्सी

खान्देश हा कापसाचा मुलूख. जळगाव आणि धुळ्याच्या जिनिंगांतून गाठी बाहेर जात आल्या, अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये कापड विणले गेले. जुन्या पिढीतील खेळाडू सुती बनियनवरच खेळले. आजची जर्सी मात्र पॉलिस्टरची असते. ती हलकी असते, लवकर वाळते, अंगाला चिकटत नाही, रंग पक्का असतो. पण वासाच्या बाबतीत ती कमी पडते.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली हे तपासून पाहिले. २६ निरोगी माणसांनी जागच्या सायकलीवर व्यायाम केला. त्यांचे टी-शर्ट बंद पिशवीत ठेवून २८ तासांनी हुंगण्यात आले. सुती कपड्यांपेक्षा पॉलिस्टरचे कपडे अधिक वास मारत होते, आणि त्यांच्यावर मायक्रोकॉकस हे जंतू विशेष वाढलेले आढळले.

कारण तंतूंच्या स्वभावात आहे. सुती धागा नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या ७ ते ८ टक्के ओल धरतो आणि वासाचे काही रेणूही आत ओढून घेतो. पॉलिस्टर अर्धा टक्काही ओल धरत नाही, पण तेलाला मात्र घट्ट धरून ठेवते. अंगाचे तेल आणि त्यात विरघळलेला वास धाग्याला चिकटतो आणि थंड पाण्यात सुटत नाही. त्यामुळे जर्सी धुताना मुख्य काम तेल काढण्याचे असते. माती, धूळ आणि मीठ त्यामानाने सहज निघतात.

पाणी आणि साबण

तेल काढण्यात खान्देशात एक अडचण येते ती पाण्याची. अनेक गावांत धुणे विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर होते, आणि ते पाणी जड असते. शालेय पुस्तकांत त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. नळाच्या तोटीवर आणि गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर त्यांचाच. साबण म्हणजे तेलातील मेदाम्लांचा सोडियम क्षार. जड पाण्यात त्याचा कॅल्शियमशी संयोग होऊन न विरघळणारा साका बनतो. फेस होत नाही, म्हणून वडी जास्त घासली जाते आणि साका धाग्यांत बसतो. त्या साक्यात तेल अडकते आणि तेलात जंतू.

कपडे धुण्याच्या साबणाशी या भागाचे जुने नाते आहे. विप्रो ही आज माहिती तंत्रज्ञानातील मोठी कंपनी, पण तिचा जन्म २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरला ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने झाला. एम. एच. प्रेमजी यांच्या या कारखान्यात वनस्पती तूप तयार होई आणि तेलाच्या उपउत्पादनातून ‘७८७’ नावाचा धुण्याचा साबण. सुती धोतर-सदऱ्यासाठी असा साबण, दगडावरचे आपटणे आणि कडक ऊन पुरेसे होते. पॉलिस्टरच्या जर्सीसाठी आणि जड पाण्यासाठी डिटर्जंट पावडर किंवा द्रव डिटर्जंट बरे, कारण त्यांचा साका होत नाही. धुण्याचा सोडा पाण्याचा जडपणा मोडतो, पण तो तिखट असतो. तो बादलीला एखादा चमचाच घालावा आणि हात सांभाळावेत.

पावडर जास्त घातल्याने कपडा जास्त स्वच्छ होत नाही. खंगाळताना न निघालेली पावडर धाग्यांत राहते आणि तेलाला धरून ठेवते. उन्हाळ्यात पाणी काही दिवसांआड येणाऱ्या वस्त्यांत खंगाळणे आखडते घेतले जाते. तिथे तर पावडर मोजूनच घालावी. बादलीभर कपड्यांना एक ते दोन मोठे चमचे पुरतात.

जर्सी, शॉर्ट्स आणि मोजे

घरी आल्याबरोबर किट पिशवीतून बाहेर काढणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. लगेच धुणे शक्य नसेल तर कपडे साध्या पाण्यातून काढून, पिळून दांडीवर पसरावेत. गोळा करून कोपऱ्यात टाकलेली ओली जर्सी सकाळपर्यंत जंतूंनी भरते. नुसत्या पाण्यातून काढल्याने मीठ, युरिया आणि बरीच अमिनो आम्ले निघून जातात आणि जंतूंचे अन्न घटते.

धुताना कपडा उलटा करावा, कारण तेल आणि घाम आतल्या बाजूला असतात. अर्ध्या बादली पाण्यात अर्धी वाटी खाण्याचा सोडा विरघळवून कपडे अर्धा तास भिजत घालावेत, मग नेहमीप्रमाणे धुवावेत. पाणी कोमट असेल तर तेल लवकर सुटते. खान्देशात मार्च ते जून या काळात कोमट पाणी फुकट मिळते: गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी चांगलेच तापलेले असते. विकरे असलेल्या डिटर्जंटनाही हे पाणी सोयीचे, कारण प्रथिने आणि मेद तोडणारी ही विकरे साधारण ३० ते ५० अंश सेल्सिअसला उत्तम काम करतात. पाकिटावर ‘एन्झाइम’ हा शब्द पाहून असे डिटर्जंट निवडावे. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र ते वापरू नये.

वास जुना आणि मुरलेला असेल तर क्रम पाळावा. आधी सोड्यात रात्रभर भिजवणे आणि धुणे. तेवढ्याने काखेचा दर्प गेला नाही, तर सोडियम परकार्बोनेट असलेली ऑक्सिजन पावडर कोमट पाण्यात घालून दोन-तीन तास भिजवणे. रंगीत जर्सीचा आधी आतला एखादा कोपरा भिजवून रंग जातो का ते पाहावे. उग्र अमोनियाचा वास असेल किंवा कपडा साबणाच्या साक्याने ताठर झाला असेल, तर शेवटच्या खंगाळण्याच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर किंवा एक मोठा चमचा लिंबूसत्त्व घालावे, वीस मिनिटे ठेवावे आणि साध्या पाण्यातून काढावे.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालण्याची पद्धत सर्रास दिसते. खळखळून फेस येतो, पण त्यात दोघेही एकमेकांना मारतात आणि उरते जवळजवळ साधे क्षाराचे पाणी. दोन्ही हवेच असतील तर आधी सोड्याचे धुणे आणि शेवटी व्हिनेगरचे खंगाळणे, असे वेगवेगळे करावे.

कपडे मऊ आणि सुवासिक करणारे कंडिशनर खेळाच्या कपड्यांना वापरू नये. ते धाग्यावर मेणचट थर चढवते. त्यामुळे घाम शोषून बाहेर टाकण्याची जर्सीची क्षमता कमी होते आणि तेल आत कोंडले जाते.

वाळवताना सुती बनियन, लंगोट, टॉवेल आणि मोजे थेट उन्हात पसरावेत. जर्सी आणि ताणणाऱ्या इलॅस्टेनच्या शॉर्ट्स उलट्या करून सकाळच्या उन्हात किंवा वाऱ्याच्या सावलीत टाकाव्यात. दुपारच्या कडक उन्हाने रंग उडतो आणि ताण सैल पडतो. उन्हात वाळलेल्या कपड्यांचा जो ताजा वास सर्वांना आवडतो, तोही खरा आहे. कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांच्या २०२० सालच्या निबंधानुसार ओले सुती टॉवेल उन्हात वाळताना त्यांच्यावर अल्डिहाइड आणि कीटोन गटातील सुवासिक संयुगे तयार होतात. सावलीत किंवा घरात वाळलेल्या टॉवेलांवर ती तशी आढळली नाहीत.

सोड्याचे पाणी कुंडीत किंवा परसातल्या झाडांना घालू नये. त्यातील सोडियममुळे काळी माती चिकट होते आणि तिच्यातून पाणी झिरपेनासे होते. हे पाणी ओटा किंवा मोरी धुण्यासाठी वापरावे.

बूट

दोन्ही पायांत मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात आणि बुटात हवा खेळत नाही. म्हणून सर्वांत हट्टी वास बुटांचा. बूट काढताच नाड्या सैल कराव्यात, जीभ वर ओढावी, आतली गादी बाहेर काढून वेगळी वाळवावी. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. कागद काही तासांत ओल ओढून घेतो. तो ओला झाला की बदलावा. रात्री पंख्याखाली ठेवलेला बूट सकाळपर्यंत बराच वाळतो. पूर्ण वाळायला एक ते दोन दिवस लागू शकतात, म्हणून रोज धावणाऱ्याने दोन साधे जोड आलटून-पालटून वापरणे हे एका महागड्या जोडापेक्षा हिताचे.

आंबूस वास आला तर कोरड्या बुटात दोन चमचे खाण्याचा सोडा भुरभुरावा, रात्रभर ठेवावा आणि सकाळी झटकून टाकावा. सोडा जुन्या सुती मोज्यात बांधून बुटात ठेवला तर झटकण्याचा त्रास वाचतो. कातडी बुटांना मात्र सोडा वारंवार लावू नये. कातडे कोरडे पडून तडकते. कापडी बूट धुवायचे तर काळी माती आधी पूर्ण वाळू द्यावी आणि ब्रशने झाडावी. ओली माती घासली तर ती विणीत आणखी खोल बसते. मग गादी आणि बूट कोमट पाण्यात थोड्या डिटर्जंटने घासून, भरपूर खंगाळून सावलीत वाळवावेत.

खान्देशात बुटांच्या बाबतीत एक चूक फार होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि बूट लवकर वाळावेत म्हणून पत्र्यावर ठेवले जातात. पत्रा हवेहून कितीतरी अधिक तापतो. तळाचा डिंक मऊ होऊन सुटतो आणि फोमचा तळ आक्रसतो. बुटांना सकाळचे कोवळे ऊन अर्धा-पाऊण तास पुरे. पुढे सावली आणि वारा.

मोजे रोज धुतलेले हवेत. धुताना तेही उलटे करावेत. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या टॉवेलने कोरड्या केल्या, तर बुटाच्या वासाचा निम्मा प्रश्न मुळातच सुटतो.

पॅड, हातमोजे, हेल्मेट आणि किटबॅग

क्रिकेटचे बॅटिंग ग्लोव्हज कातडी तळव्याचे असतात. ते पाण्यात बुडवले तर कडक होतात. खेळून झाल्यावर बोटे ताणून, तळवा वर करून ते वाऱ्यावर ठेवावेत. आतून सुती इनर घालावेत. घाम ते शोषतात आणि ते रोज धुता येतात. वास आलाच तर ओलसर फडक्याला थोडे व्हिनेगर लावून आतून पुसावे आणि सावलीत वाळवावे. पॅडचे पट्टे आणि अस्तर सौम्य साबणाच्या फडक्याने पुसावेत. कबड्डीचे नी-कॅप आणि कापडी गार्ड मात्र जर्सीप्रमाणेच भिजवून धुवावेत, कारण मुतारीसारखा उग्र वास तिथेच साठतो.

हेल्मेटची गादी निघणारी असेल तर काढून धुवावी. नसेल तर ७० टक्के अल्कोहोलचा हलका फवारा अस्तरावर मारून हवेत वाळू द्यावे. अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, त्यामुळे आगीपासून दूर राहावे. हेल्मेटच्या कवचावर अल्कोहोल किंवा थिनर लावू नये. काही प्लास्टिकना त्याने बारीक तडे जातात आणि हेल्मेटचे बळ कमी होते.

किटबॅग ही साऱ्या वासांची कोठी. ती आठवड्यातून एकदा रिकामी करून, उलटी झटकून उन्हात उघडी ठेवावी. ओल्या वस्तूंसाठी जाळीची वेगळी पिशवी असावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओला कपडा गच्च कोंडला जातो. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिलेली बॅग म्हणजे ऊब आणि ओल दोन्ही एकत्र. जंतूंना याहून चांगली जागा मिळत नाही.

तालीम आणि मॅट

चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, आणि खान्देशातील तालमींकडे पुन्हा मुले वळली. तालमीच्या लाल मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर, कडुनिंबाचा पाला मिसळण्याची रीत जुनी आहे. माती घाम शोषते आणि ती नियमित खणून उलटली जाते, त्यामुळे ओल एका जागी साचत नाही. लंगोट सरावानंतर तिथेच पाण्यातून काढून वाळत घालण्याची पैलवानांची सवयही याच विचाराची आहे.

मॅटवरची कुस्ती आणि कबड्डी यांत ही सोय नाही. मॅट घाम शोषत नाही. तो पृष्ठभागावर राहतो आणि एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो. सरावानंतर मॅट साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी. मग एक लिटर पाण्यात चार चहाचे चमचे घरगुती ब्लीच घालून केलेल्या ताज्या द्रावणाने ती ओली करावी, किमान एक मिनिट तशीच ठेवावी आणि साध्या पाण्याने पुसून कोरडी करावी. ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा शौचालय धुण्याच्या आम्लात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या द्रवाशीही ते मिसळू नये. जर्सीसाठी तर ब्लीच नकोच, त्याने रंग आणि इलॅस्टेन दोन्ही जातात.

वास आणि त्वचा

वास हा लाज वाटण्याचा विषय मानून दडवला जातो, पण तो अनेकदा त्वचेची सूचना असतो. सतत ओल्या बुटात राहिलेल्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तळव्यावर बारीक खड्डे पडून तीव्र वास येत असेल तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. ओल्या, घट्ट कपड्यांमुळे जांघेत आणि कमरेला गजकर्ण होते, आणि ते टॉवेल, लंगोट, मॅट यांवाटे सोबत्यांना लागते. अशा वेळी दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणून लावले की खाज थांबते, पण बुरशी आत पसरते आणि पुढे औषधांना दाद देत नाही. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे, औषधाचा पूर्ण कोर्स घ्यावा आणि त्या काळात अंतर्वस्त्रे, मोजे व टॉवेल गरम पाण्यात वेगळे धुवावेत. टॉवेल प्रत्येकाचा स्वतंत्रच हवा. संघातील मुलाच्या किटला वास येत असेल तर प्रशिक्षकाने चारचौघांत बोलू नये. एकट्याला बाजूला घेऊन धुण्या-वाळवण्याची रीत सांगावी. बहुतेक मुलांना ती कोणी सांगितलेलीच नसते.

पावसाळ्याचे चार महिने आणि कूलरची खोली

उन्हाळ्यात खान्देशाची हवा इतकी कोरडी असते की सुती बनियन तासाभरात खडखडीत वाळते. मात्र याच दिवसांत घरोघरी कूलर चालू असतो. कूलर पाण्याच्या वाफेने हवा गार करतो, म्हणजे खोलीतली ओल वाढवतो. त्या खोलीत टाकलेले बूट आणि ग्लोव्हज बाहेर रखरखाट असूनही कुबट होतात. किट कूलरच्या खोलीत ठेवू नये. ओसरीवर किंवा गच्चीच्या सावलीत ठेवावे.

जून ते सप्टेंबर या काळात रीत बदलावी. कपडे एकदम न साठवता रोज थोडे धुवावेत. जास्तीत जास्त पाणी पिळून काढावे. जर्सी कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबली तर बरेच पाणी टॉवेलात जाते. दांडीवर कपड्यांत वीतभर अंतर ठेवावे आणि पंखा लावावा. सुती कपड्यावर शेवटी गरम इस्त्री फिरवली तर उरलेली ओल आणि बरेच जंतू जातात. पॉलिस्टरवर इस्त्री अगदी मंद हवी. धुण्याच्या यंत्राचे झाकण वापरानंतर उघडे ठेवावे आणि महिन्यातून एकदा ते रिकामेच गरम पाण्यावर चालवावे, नाहीतर कुबट वास यंत्रातूनच कपड्यांत येतो. कपाटात किट ठेवताना डांबराच्या गोळ्या टाकू नयेत. त्या वास झाकतात, जंतू मारत नाहीत, आणि त्यांची वाफ श्वासातून जाणे आरोग्यालाही बरे नाही.

एवढे करूनही एखाद्या वस्तूचा वास परत येत असेल, तर तिचे आतले भाग पाहावेत. बुटाच्या गादीचा फोम काळा पडून भुगा होत असेल, ग्लोव्हजचे कातडे कडक होऊन फाटले असेल, पॅडच्या आत बुरशीचे डाग असतील, तर धुण्याने काही होणार नाही. बुटाची गादी आणि ग्लोव्हजचे इनर वेगळे मिळतात. आधी ते बदलावेत. वस्तूच जीर्ण झाली असेल तर ती टाकून द्यावी, आणि नवी आणल्यावर पहिल्या सरावापासूनच तिला रोज वाऱ्यावर ठेवावे.